जुनं दिसलं पाहिजे

कॅम्पातल्या बंगल्याचं आता हॉटेल झालंय.
सात खोल्या, एकेकीला नदीचं नाव:
मलप्रभा, मार्कंडेय, हिरण्यकेशी…
म्हादईत अजून प्लंबर आहे.

चैत्रा मॅडम बेंगळूरच्या. हातात मोजपट्टी,
डोक्यात अख्खं हॉटेल आधीच पुरं झालेलं.
शहापुरातल्या एका मागाची फणी त्यांनी
आडवी टांगली आणि तिच्यातून बल्ब सोडले,
तार दिसणारे, पिवळट, उजेड कमी देणारे.
खानापुरी कौलं छपरावरून उतरून भिंतीला आलीत.
शिवणयंत्राच्या पायांवर बेसिन;
पायटा दाबला तर हलतो अजून,
कापड तेवढं पुढं सरकत नाही.

मला म्हणाल्या, "भरमाण्णा, आठ बोर्ड पाहिजेत.
सोडा फॅक्टरी, सायकल मार्ट, हेअर कटिंग, असले.
थोडे कन्नड, थोडे मराठी, एखादा दोन्ही.
पण नवे नकोत. जुने दिसले पाहिजेत."

मी हसलो नाही. फ्लेक्स आल्यापासून
बारा वर्षं कुंचले डब्यात उभे आहेत
आणि मी लोकांच्या गेटांना रंग मारतो,
काळा, नाहीतर चांदी.

जुनं कसं करायचं, पोरगं विचारत होतं.
ऐक. लाल आधी जातो, ऊन त्याला खातं.
निळा हट्टी. पांढरा चहावर येतो.
गंज खिळ्यापासून सुरू होतो, कडेपासून नाही;
हे ज्याला कळत नाही त्याचं खोटं लांबून दिसतं.
पश्चिमेकडच्या अक्षराचा काना पहिला पुसतो,
पाऊस तिकडून येतो म्हणून.

एक सांगितलं नाही त्याला.
खरंच जुनं करायचं तर वरून काळं फासावं लागेल,
त्यावर दुसरी लिपी,
मग दोन उन्हाळ्यांनी तिच्या पोटातून
खालचा एखादा अनुस्वार वर येतो.
असले बोर्ड मी लिहिलेत, पुसलेत, परत लिहिलेत.
मजुरी तिन्ही वेळची घेतली.

मॅडमनी 'ळ'वर बोट ठेवलं:
"हे अक्षर आहे की डिझाइन?"
अक्षरच, म्हटलं. तुमच्यातही आहे की हो.
गावाच्या नावात दोन्हीकडं तेच बसलंय.

सात झाले. आठव्याला दुकान सुचेना.
रात्री पत्रा मांडीवर घेतला आणि लिहून गेलो:
गनी आणि मजुकर, पेंटर्स.
खाली कन्नडमध्ये तेच, पण ते माझं काम नव्हे.
कन्नड गनी लिहायचा, जिलबी सोडावी तसं,
एका दमात, कुंचला न उचलता.
वरची ओळ माझी, खालची त्याची,
मध्ये एक रेघ, ती जो आधी पोचेल त्याची.
खडे बाजारामागं गाळा बघितला होता आम्ही.
पागडी ठरली होती.
मग त्याची फुप्फुसं. थिनरनं खाल्ली म्हणतात,
विडीनं म्हणतात. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं.

त्या बोर्डाला मी चाळीस पावसाळे दिले.
खिळ्यांभोवती गंज. पोस्टर फाडल्याची खळ.
खालच्या कोपऱ्यात एक लांब ओरखडा:
कधीच न उघडलेल्या दुकानाला
कुणा गिऱ्हाइकानं टेकवलेली सायकल.

मॅडमनी तोच रिसेप्शनमागं लावला, वर दोन दिवे.
"हा एकच ओरिजिनल आहे ना? मला कळतं."
मी बिल आठांचं केलं, एकाच दरानं.

परवा परत गेलो, हिरण्यकेशीच्या पाटीचा स्क्रू ढिला होता.
पुण्याचं जोडपं फोटो काढत होतं.
"काका, हे दुकान कुठं होतं हो?"
"खडे बाजाराच्या मागं," म्हणालो, "बोळात.
गनी नसला तर मी असायचो."
बाईंनी कुंद्याचा डबा पुढं केला.
उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर होता,
डावा पुढं केला.